पंधरा चढवले, तेरा उतरवायचे

०.०

मित्रांनो, गाणं आहे त्या चालीनं ऐकायचं असेल तर माझी कुणाला गरज नाही. त्यासाठी कुठलाही डबा चालतो. मी एक जुना सीडी डेक आहे, आणि गाण्याची चाल, म्हणजे त्याचा वेग, बदलणं हे माझं काम होतं.

माझ्या उजव्या कडेला तीन-चार बोटं लांबीची उभी खाच आहे. त्या खाचेत एक बटण वरखाली सरकतं. सगळे त्याला पिच म्हणतात. बटण मधोमध असलं की शून्य. आपल्याकडे ओढलं की गाणं पळतं, पलीकडे ढकललं की रेंगाळतं. या अंगाला सोळा टक्के, त्या अंगाला सोळा टक्के. माझं सगळं आयुष्य त्या खाचेत गेलं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नवी यंत्रं गाणं पळवतात आणि गाणाऱ्याचा आवाज मात्र आहे तसा ठेवतात. मला ते येत नाही. माझ्यात चाल आणि आवाज एकमेकांना बांधलेले आहेत. मी गाणं पळवलं की बाईच्या गळ्यातून पोरगी बोलते, आणि रेंगाळवलं की पोरीच्या गळ्यातून बाई. लोक याला माझा दोष म्हणतात. मी त्याला प्रामाणिकपणा समजत होतो.

माझी जुळणी परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाली. पुण्यातल्या एका हॉलमध्ये मी सहा वर्षं वाजलो. मग बीडच्या एका दुकानात जुन्या मालाच्या कपाटात बसलो. तिथून उमापूरच्या अभिमन्यूनं मला आणि माझ्यासारख्याच दुसऱ्या डेकला उचललं. पिकअपमध्ये पेंडीच्या दोन पोत्यांच्या मधे बसून आम्ही गेवराईच्या रस्त्यानं आलो. प्रत्येक खड्ड्याला माझ्या आतली भिंगाची कांडी थरथरत होती. ते भिंग म्हणजे माझा डोळा. चकतीवर काय लिहिलं आहे ते मी त्याच डोळ्यानं वाचतो.

+८.०

माझ्या पडद्यावर टक्के दिसतात, ठोके दिसत नाहीत. गाण्याला मिनिटाला किती ठोके आहेत हे माझ्याकडून कळत नाही. ते माणसानं मोजायचं असतं. अभिमन्यूच्या घरात ते काम त्याच्या धाकट्या बहिणीचं होतं. तिचं नाव सुकन्या. तेव्हा ती आठवीत होती.

ती स्पीकरच्या खोक्यांमागे मांडी घालून बसायची, वहीचा एक कागद गुडघ्यावर ठेवायची आणि घड्याळाकडे बघत मांडीवर बोटानं ठोके मोजायची. पंधरा सेकंद मोजायचे, चारानं गुणायचे. मग दोन गाण्यांतला फरक काढायचा, ज्या गाण्याची चाल बदलायची त्याच्या ठोक्यांनी भागायचा, शंभरानं गुणायचा. गाणं शंभराचं आणि हलगी एकशे आठची असेल, तर गाण्याला अधिक आठ. गाणं एकशे वीसचं आहे आणि एकशे चौदावर आणायचं आहे? मग सहा भागिले एकशे वीस, म्हणजे उणे पाच. मी तेवढा सरकायचो. दोन्ही डेकचे ठोके एका पावलानं चालू लागायचे.

"किती?" अभिमन्यू विचारायचा.

"थांब की दादा. मोजू दे."

"लोक मांडवात उभे हायत, आन तू मोजीत बस."

"न मोजता लावलंस तर गेल्या टायमासारखं व्हईल. हलगी पुढं आन गाणं मागं. पाव्हणे नाचता नाचता लंगडे झालते."

चकलांब्यापासून गेवराईपर्यंत लोक म्हणू लागले, काय कान आहे पोराचा! एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात कधी गेला, कळतसुद्धा नाही. अभिमन्यू गॉगल लावून हसायचा. खोक्यांमागच्या कागदाचं नाव कुणी काढलं नाही. माझंही नाही. पण मला तेव्हा राग नव्हता. राग पुढं आला.

या दोघांची आई मंगल. नवरा गहिनीनाथ आणि ती दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची. उन्हाळ्यात परत आली की गावोगावच्या बायका तिला हळदीची गाणी म्हणायला बोलवून न्यायच्या. मंगलच्या गाण्याला घाई नव्हती. ओळ संपली की ती थांबायची. पुढची ओळ यायच्या आधी तिचा श्वास ऐकू यायचा. त्या थांबण्यात बायका नवरीच्या गालाला हळद लावायच्या. नुसता आवाज चांगला म्हणून तिला बोलावत नव्हते. तिच्या गाण्यात हात चालवायला जागा असायची.

+१५.०

एका पावसाळ्यात, दुपारी, मागच्या खोलीत सुकन्यानं आईचं एक गाणं आईच्याच बटणाच्या फोनमध्ये भरून घेतलं. अभिमन्यूनं ते गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून सीडीवर उतरवून आणलं.

मला वाचायला मिळालेल्या चकत्यांत तीच सगळ्यांत चांगली होती, असं मी आजही म्हणेन. तिच्यावर हलगी नव्हती, झांज नव्हती. मंगल होती फक्त.

चार दिवसांनी सुकन्या शाळेच्या मेळाव्यासाठी गेवराईला गेली, आणि अभिमन्यूला नेमकी त्याच दिवशी कल्पना सुचली. आईच्या गाण्याखाली हलगी घालायची. हलगीची चकती दुसऱ्या डेकमध्ये टाकली, आईची माझ्यात. पण हलगी जोरात आणि आई संथ. सुकन्या असती तर तिनं मोजलं असतं, कागदावर मांडलं असतं. अभिमन्यूनं मोजलं नाही. तो स्वतःशीच म्हणाला, "कान हाय ना," आणि त्यानं माझ्या बटणावर बोट ठेवून ते आपल्याकडे ओढलं. थोडं, अजून थोडं, आणि मग ठोके जुळले.

माझ्या पडद्यावर आकडा उमटला: अधिक पंधरा. अभिमन्यूनं तो पाहिला नाही. त्याचे डोळे मिटलेले होते. मित्रांनो, कानाचा अभिमान असलेली माणसं डोळे मिटून घेतात, हे मी फार वेळा बघितलं आहे.

सुरुवातीला चाळीस सेकंद नुसता आईचा पळवलेला आवाज आणि मग दणकन हलगी, अशी नवी सीडी तयार झाली. संध्याकाळी त्यानं ती आईला ऐकवली. मंगल तोंडावर पदर धरून हसली.

"आगं बया! मी कवा आशी पळत गायले? आरं, मला दम तरी घेऊ दी की."

"माय, लोकांला आसंच लागतं आता."

"मंग लोकांलाच गायला लाव."

ती हसत म्हणाली म्हणून अभिमन्यूनं ते हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ शेतातून आला. बाजरी भरात होती आणि पाखरं उठत नव्हती. आमच्याकडे पाखरं हाकायला जुन्या सीड्या दोरीला बांधून पिकात टांगतात. वाऱ्यानं फिरल्या की ऊन चमकतं आणि पाखरं बिचकतात.

"एखांदी चकमकती चकती हाय का रं बिनकामाची?" त्यानं विचारलं.

"ही घ्या, आबा. हिचं काम झालं. नवी बनलीय."

अशा रीतीनं मंगलचा खरा आवाज तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बाजरीत टांगला. त्याला माहीत नव्हतं. देणाऱ्याला माहीत होतं, पण त्यात काही गमावतोय असं त्याला वाटलं नाही. फोनमध्ये आहेच की, असं तो म्हणाला. पंधरा दिवसांनी त्यानंच त्या फोनचं कार्ड पुसून त्यात लग्नाची गाणी भरली.

दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले, आणि इकडे नवी सीडी गाजली. तिला नाव पडलं 'मंगल मिक्स'. या फोनमधून त्या फोनमध्ये ती तालुकाभर गेली. प्रत्येक साऊंडवाल्यानं तिच्यावर आपल्या नावाची आरोळी चढवली, आपल्या सोयीनं आणखी पळवली. वरातीत पोरं ओरडायची, "मंगल लाव बे! मंगल वाढव!" एका आईचं नाव इतक्या अनोळखी तोंडांतून असं निघालेलं मी ऐकलं आहे.

एकदा साखर कारखान्यावरून तिचा फोन आला. अभिमन्यूनं तो स्पीकरवर ठेवला होता. "आरं आभ्या, वजनकाट्याच्या लाईनीत एका टॅक्टरवर मीच वाजले की! तुझ्या बापाला म्हनलं, बगा, मी हितं मोळी बांधतीय आन तिथं गातीय. त्या डायवरला सांगाया गेलते, तर त्यो म्हनला, मावशे, बाजूला व्हय."

जानेवारीत पुन्हा कारखान्यावरून फोन आला. या वेळी तिचा नव्हता. मी तेव्हा चालू होतो. माझ्यात तीच चकती फिरत होती आणि ती म्हणत होती, हळद लागली माझ्या

— — —

लाईट गेली.

वाजता वाजता अशी लाईट गेली की ती परत येईपर्यंत मला काहीच कळत नाही. पुन्हा आली तेव्हा घरात रडून झालेलं होतं. मंगल तापानं गेली, एवढंच मला नंतरच्या बोलण्यातून समजलं. पंधरवडाभर मला कुणी चालू केलं नाही. मग एका लग्नाची सुपारी आली, आणि त्या लग्नात पहिली फर्माईश तिचीच होती.

−१५.०

चार वर्षं गेली. अभिमन्यूनं लॅपटॉप घेतला. त्यात एक बटण दाबलं की दोन गाणी आपोआप जुळतात. मोजायला नको, भागायला नको. आम्हा दोघा डेकना त्यानं गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं. माझ्या अंगावर उंदीर बसत, धूळ साचत गेली.

आणि मग सुकन्याचं लग्न ठरलं. स्थळ वडवणीचं. मुलगा शिक्षक. घरात खरेदीच्या याद्या चालल्या होत्या, तेव्हा ती भावाला म्हणाली, "दादा, मला दुसरं कायबी नको. माझ्या हळदीला मायचा आवाज पाहिजे."

"आगं, मंगल मिक्स तर हायच की. त्याच्याबगर कुठं हळद लागती आता?"

"मिक्स न्हाई. माय पाहिजे."

अभिमन्यूनं लॅपटॉपवर गाण्याची चाल कमी करून दाखवली. गाणं संथ झालं, पण आवाज तसाच चिरका राहिला. लॅपटॉप आवाजाला हात लावत नव्हता, आणि त्याला तसं करायला कसं लावायचं ते अभिमन्यूला ठाऊक नव्हतं. सुकन्या म्हणाली, "ही तीच पोरगी हाय, फकस्त हळू बोलतीय. माळ्यावरचा डेक काढ. त्यात दोन्ही संगं उतरतं."

मला माळ्यावरून काढलं. तिनं ओल्या फडक्यानं मला पुसलं. भिंग कापसानं साफ केलं. त्या दिवशी मला वाटलं, माझं आयुष्य फुकट गेलं नाही.

"पहिली सीडी कुठं हाय, नुसती मायची?" तिनं विचारलं.

अभिमन्यूनं बापाकडे बघितलं. गहिनीनाथ दारात बसून सुतळी वळत होता. त्याचे हात थांबले.

"कोनती?" तो म्हणाला. "बाजरीत बांधली होती ती?"

तो उठला आणि शेताकडे गेला. तासाभरानं परत आला तेव्हा त्याच्या हातात दोरीला लटकलेली एक चकती होती. चार पावसाळ्यांनी तिचा चांदीचा मुलामा सोलून गेला होता. आरपार दिसत होतं. माझ्यात घातली असती तरी मला वाचायला तिच्यावर काही उरलं नव्हतं. गहिनीनाथानं ती देवळीत ठेवली आणि पुन्हा सुतळी वळायला बसला. पण त्या दिवशी त्याची सुतळी नीट वळली नाही.

आता उरली होती ती मिक्सची मूळ सीडी, आरोळ्या न चढलेली, एकुलती एक. तिची पहिली चाळीस सेकंद हलगीशिवाय होती. तेवढ्यात आई सापडण्यासारखी होती, पण किती उतरवायचं?

"किती चढवलं होतंस?"

"आता काय आठवतंय? आसंल धा-बारा."

"लिव्हून न्हाई ठेवलं?"

"कान हाय ना, लिव्हायचं कावून?"

मित्रांनो, मला माहीत होतं. माझ्याच पडद्यावर तो आकडा उमटला होता. पण विचारल्याशिवाय बोलता येत नाही, असं नुसतं माणसांचं असतं. मला विचारलं तरी बोलता येत नाही. मागे दोन वायरी लावायची भोकं आहेत, आणि त्यातून दुसऱ्यांचंच गाणं बाहेर येतं.

सुकन्यानं ती चाळीस सेकंद तीन दिवस ऐकली. कानाला हेडफोन लावून, डोळे उघडे ठेवून. तिसऱ्या दिवशी तिनं हात वर केला.

"दादा, घड्याळ!"

गाणं भरताना मागच्या खोलीत भिंतीवर घड्याळ होतं. मंगल श्वासासाठी थांबायची तिथं, अगदी बारीक, टिकटिक येत होती. घड्याळ सेकंदाला एक टिक करतं. चाळीस सेकंदांत चाळीस. सुकन्यानं मोजल्या त्या सेहेचाळीस भरल्या. थांबण्याच्या जागा तिनं पुन्हा पुन्हा ऐकल्या आणि मधलं अंतर जोडून बघितलं. प्रत्येक वेळी सेहेचाळीसच.

"चाळीसला सहा जास्ती," ती म्हणाली. "म्हणजे शंभराला पंधरा. तू पंधरा चढवले होते."

मला स्वतःचा आवाज असता तर मी ओरडलो असतो.

"मंग सोपं हाय," अभिमन्यू म्हणाला. "पंधरा चढवले, पंधरा उतरव." त्यानं माझं बटण पलीकडे ढकललं. उणे पंधरा.

आवाज आला. बाईचाच होता, पण जड होता. ओळी ओढल्यासारख्या येत होत्या. गहिनीनाथ आत आला, भिंतीला टेकून उभा राहिला, आणि थोड्या वेळानं म्हणाला, "ही मंगल न्हवं. हिला बरं न्हाई."

मग तो पुन्हा बाहेर गेला. कारखान्यावरच्या शेवटच्या दिवसांत तो तिच्याजवळ होता. बरं नसलेला तिचा आवाज त्याला ओळखू येत होता.

सुकन्यानं कागद ओढला. मी तो कागद बघितला. त्यावर एवढंच होतं:

मूळ १००
चढवून ११५
११५ चे पंधरा टक्के = सव्वासतरा
११५ − सव्वासतरा = पावणेअठ्ठ्याण्णव

"दादा, बग. चढवताना पंधरा टक्के शंभराचे होते. उतरवताना पंधरा टक्के एकशे पंधराचे होतात. तू जास्ती उतरवतो. शंभरावर यायचं तर एकशे पंधरातून पंधराच कमी झाले पाहिजेत. पंधरा भागिले एकशे पंधरा. तेरा टक्के."

"पंधरानं गेलेलं तेरानंच परत येतं?" अभिमन्यूला ते पटत नव्हतं.

"येतं. कारण आता ते मोठं झालंय."

−१३.०

तिनं स्वतः माझ्या बटणावर बोट ठेवलं. तेरा म्हणजे माझ्या खाचेत जेमतेम दीड बोट. पडद्यावर आकडा स्थिर झाला, आणि मंगल गायली.

ओळ संपली, ती थांबली, श्वास घेतला. घड्याळ सेकंदाला एकदा वाजलं. चाळीस सेकंदांची पुन्हा सेहेचाळीस झाली. गहिनीनाथ या वेळी आत आला नाही. दाराबाहेरून त्याचा आवाज आला, "आता हाय." बस, एवढंच.

अभिमन्यूनं डोळे पुसले. खरंच पुसले, मी खोटं सांगणार नाही. "सुके, तुझ्या हळदीला ह्याच चालीवर लावीन. शब्द दिला."

मित्रांनो, माणसाच्या शब्दाला पिच नसतं असं मला तेव्हा वाटलं होतं.

हळदीचा दिवस उजाडला. सकाळी दहाला दारात मांडव भरला. वडवणीहून नवरदेवाकडची माणसं उष्टी हळद घेऊन आली, बरोबर वीस-पंचवीस पोरं. मांडवाबाहेर सटवाचा पिकअप उभा होता. सटवा म्हणजे अभिमन्यूच्या साऊंडचा भागीदार. पिकअपवर स्पीकरची भिंत, आणि तिच्यापुढच्या टेबलावर मी. माझ्यात ती चकती, माझं बटण उणे तेरावर. माझ्या झाकणावर सुकन्यानं चिठ्ठी चिकटवली होती: हात लावू नये.

सुकन्या मांडवात पाटावर बसली होती. आत्या वत्सलाबाईनं हळदीची वाटी घेतली. आमच्याकडे एकदा नवरीला हळद लागली की तिनं मांडवाच्या बाहेर पाय टाकायचा नसतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कुणी बोलून दाखवत नाही.

अभिमन्यूनं मला सुरू केलं.

पहिली ओळ आली आणि वत्सलाबाईचा हात नवरीच्या गालापाशी थांबला. "आगं माय," ती म्हणाली, "वैनी आली." मंगल श्वासाला थांबली तेव्हा पाच-सहा हात एकदम पुढं आले आणि सुकन्याच्या गालाला, दंडाला, पायाला हळद लागली. मग पुढची ओळ आली. पुन्हा थांबली, पुन्हा हात पुढं आले. सुकन्या डोळे उघडे ठेवून ऐकत होती.

सेहेचाळीस सेकंद संपली आणि हलगी पडली. पण माझ्यात सगळंच एकत्र उतरतं. हलगीसुद्धा उतरली होती, जड आणि खोल.

"ओ डीजेवाले," पाहुण्यांतला एक पोरगा ओरडला, "ब्याटरी उतरली का काय?"

हशा झाला.

"ही तर मंगल हाय की! आजारी पडली वाटतं!"

"मंगल वाढवा! आमच्याकडं तर हिच्यावर म्हातारे नाचतेत!"

"थांबा, पाव्हनं," अभिमन्यू म्हणाला. "एवढं एक गानं होऊ द्या."

सटवानं त्याच्या कमरेत ढोसलं. "आभ्या, वाढव बे. पाव्हणे हायत. पोरीच्या सासरचे हायत. नाराज करू नगं. साऊंडचं नाव जाईल."

अभिमन्यूनं मांडवाकडे बघितलं. सुकन्या मान हलवत होती, नाही, नाही. त्यानं बापाकडे बघितलं. गहिनीनाथ फेटा बांधून पाहुण्यांच्या पुढं हात जोडून बसला होता. पाहुण्यांच्या तोंडी आपल्या बायकोचं नाव ऐकून तो मान खाली घालून बसला. नवरीचा बाप त्या दिवशी काय बोलणार?

"मंगल! मंगल! मंगल!"

चिठ्ठी माझ्या झाकणावर होती. अभिमन्यूचं बोट तिच्याशेजारून गेलं, बटणावर आलं, आणि त्यानं मला आपल्याकडे ओढलं. शून्य. पोरांनी आरोळी ठोकली. त्या आरोळीनं त्याला चेव आला. अधिक चार. अधिक आठ. मंगलचा आवाज चिरकत वर गेला, तिचा श्वास कुठं होता ते कळेनासं झालं. पोरं नाचायला लागली. कुणीतरी हळदीची पिशवी फोडली आणि मूठमूठ उधळायला सुरुवात केली.

सुकन्या पाटावरून उठली. एक पाऊल टाकलं. वत्सलाबाईनं तिचं मनगट धरलं.

"कुठं निगालीस? हळद लागलीय आंगाला. भाईर पाय टाकू नगं."

"आत्या, सोड. दीड बोटाचं काम हाय."

"आगं, पाव्हणे बगायलेत. बस खाली. तुज्या मायचंच गानं हाय ना? मंग?"

थोड्या वेळापूर्वी 'वैनी आली' म्हणालेली हीच बाई. तिनं मनगट सोडलं नाही. सुकन्या खाली बसली. मग तिनं मांडवाबाहेर बघितलंच नाही. बायकांनी तिला हळद लावली, पण आता हात कधी पुढं करायचा ते कुणाला कळत नव्हतं. सगळ्या घाईघाईनं लावत होत्या.

उधळलेली हळद माझ्या झाकणाच्या फटीतून आत शिरली. फिरत्या चकतीवर बसली, भिंगावर बसली. पाच मिनिटं मी आंधळ्यासारखा वाचत राहिलो. मग गाणं अडखळलं, तेच तेच म्हणू लागलं, आणि बंद पडलं. सटवा हसला. "जुना माल!" त्यानं मला टेबलाखाली सरकवलं आणि लॅपटॉप लावला. आरोळ्या चढलेलं मिक्स पुढं तीन वेळा वाजलं.

नो डिस्क

लग्नानंतर पाचव्या दिवशी सुकन्या माहेरी आली. चहा व्हायच्या आधी तिनं मला मांडीवर घेतलं. झाकण उघडलं. चकती पिवळी झाली होती आणि तिच्यावर गोल चरे पडले होते. तिनं ती मऊ फडक्यानं मधून कडेकडे सरळ पुसली, जशी पुसायला हवी तशीच. माझं भिंग पुसलं. सुरू केलं. पडद्यावर दोन शब्द आले. अकरा वेळा तिनं चकती काढून घातली, अकरा वेळा मी तेच दोन शब्द दाखवले. मला दुसरं काही दिसतच नव्हतं. ती चकती तिनं गावातल्या कॉम्प्युटरवाल्याकडेही नेली. त्यानं उन्हात धरून बघितली आणि परत दिली.

"सुके, पाव्हणे होते," अभिमन्यू म्हणाला. "मी काय करणार होतो?"

"काय न्हाई, दादा. तू सेहेचाळीस सेकंद दिलीस की."

तो लॅपटॉप उघडून बसला. त्याला संध्याकाळी चकलांब्याची सुपारी होती.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला पुसा, झाका, जपून वापरा. मी तेवढंच सांगून थांबणार नाही. मला तर अगदी वेळेवर आणि अगदी नीट पुसलं होतं. माझं म्हणणं वेगळं आहे. एखादी गोष्ट बदलायच्या आधी ती जशी आहे तशी एक बाजूला ठेवा. किती बदलली ते लिहून ठेवा. कानावर, आठवणीवर सोडू नका. आणि जिथून निघालात तिथं परतायचं असेल तर जेवढं गेलात तेवढंच मागं येऊन भागत नाही, नव्यानं हिशेब करावा लागतो. तो हिशेब करणारं माणूस घरात असेल, तर त्याला पाटावर बसवून त्याचं मनगट धरू नका.

निघण्याआधी सुकन्यानं माझं बटण पुन्हा पलीकडे सरकवलं. चकती नसली तरी पडदा आकडा दाखवत होता. तो उणे तेरावर थांबला तेव्हा तिनं बटणावर चिकटपट्टीचे दोन आडवे तुकडे लावले, नखानं दाबून घट्ट बसवले आणि वायर काढली. मग तिनंच मला उचलून माळ्यावर ठेवलं.

तेव्हापासून मी इथं आहे. माझ्यात चकती नाही, डोळ्यात नजर नाही. पण आयुष्यात पहिल्यांदाच मी अगदी बरोबर लावलेला आहे.